ओल्या रस्त्यावरील वाहनचालन (बारामती–इंदापूर परिसर)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. इथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; त्याच जिल्ह्यातल्या लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरच्या वर जातो. तरीही गाडी घसरण्याचा धोका इथे कमी नाही, आणि त्याचे कारण हा तुटपुंजा पाऊसच आहे. लोणावळ्याचा रस्ता जूनमध्ये धुऊन निघतो आणि पुढे पावसाळाभर स्वच्छ ओला राहतो. बारामतीचा रस्ता आठवडेच्या आठवडे कोरडा असतो. गाड्यांतून ठिबकलेले ऑईल आणि डिझेल, टायरचे झिजलेले रबर, वाऱ्याने आलेली माती यांचा थर डांबरावर बसत जातो. वर भुरभुर सुरू झाली की त्याचा बुळबुळीत लेप होतो. जोराचा पाऊस हा लेप धुऊन नेतो, भुरभुर तो फक्त भिजवते. म्हणून वळवाची पहिली सर असो की मोठ्या उघडिपीनंतरची श्रावणसर, तिची सुरुवातीची मिनिटे सर्वांत घातक असतात. रस्ता जेमतेम भिजलेला दिसतो आणि चालक वेग कमी करत नाही.

या भागात रस्ता ओला व्हायला पाऊसच लागतो असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला नीरा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून जातो. उसाला दिलेले पाणी रात्री वाफा फुटून रस्त्यावर येते, शेतीच्या पाइपलाइनी रस्त्याखालून जाताना गळतात. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारांतून उजनी धरणातली मासळी घेऊन निघालेल्या गाड्यांतून बर्फाचे पाणी गळत राहते. भर उन्हाळ्यात, एरवी कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, एखाद्या वळणावरच दहा-वीस फूट ओले असते. दुचाकीस्वाराला त्याची कल्पनाच नसते.

सर्वांत अवघड काळ परतीच्या पावसाचा. इथला बराचसा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, आणि त्याला लागूनच गाळप हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा कारखान्यांकडे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रीघ लागते. वापसा नसलेल्या काळ्या रानातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर सोडत जातो. ही काळी माती कोरडी असताना ढेकूळ असते, भिजली की साबणासारखी होते. तिच्यावर उसाचे पाचट पसरले तर खालची निसरड दिसतही नाही. फडाच्या तोंडाशी रस्ता काळवंडलेला आणि चाकोऱ्या उमटलेल्या दिसल्या, तर ब्रेक त्या पट्ट्यावर न दाबता त्याच्या आधी दाबावा आणि पट्टा एका लयीत, हँडल सरळ ठेवून पार करावा. रस्त्यावर पडलेला चिखल खरवडून काढण्याची जबाबदारी ऊस नेणाऱ्याची आणि कारखान्याची आहे, हे इथे ठामपणे लिहायला हवे; तो भार दूध घालायला पहाटे निघालेल्या माणसावर टाकणे अन्यायाचे आहे.

ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. चांगल्या कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक ०.७ च्या आसपास धरला, तर ओल्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो आणि तेलकट चिखलावर त्याहूनही कमी होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरांत थांबते, ओल्यावर तिला सुमारे ३५ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटर जातात. वेग ८० केला की ओल्या रस्त्यावरचे एकूण अंतर सुमारे ८५ मीटर होते. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकचे अंतर जवळजवळ पावणेदोन पट झाले, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडल्यावर आपण तिथे पोचेपर्यंत निदान चार सेकंद मोजता आले पाहिजेत.

करकचून ब्रेक दाबला की चाक जाम होते, आणि जाम झालेल्या चाकाने गाडी वळवता येत नाही. एबीएस ही यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना ती बंधनकारक आहे. ती काम करू लागली की ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते. ते घाबरून सोडू नये, दाबून धरावे. जुन्या आणि लहान गाड्यांत हे काम चालकालाच करावे लागते. आधी ॲक्सिलरेटर सोडावा, गिअर एकेक करून खाली आणावा आणि मग ब्रेक हळूहळू वाढवत न्यावा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये, त्याने इंजिनाचा रोध जातो. दुचाकीचा पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो, या समजुतीने अनेकजण फक्त मागचा वापरतात. हे चुकीचे आहे. ब्रेक लावताना वजन पुढे येते, त्यामुळे थांबवण्याची मोठी ताकद पुढच्याच चाकात असते. दोन्ही ब्रेक एकत्र, गाडी सरळ असताना, बोटांनी पिळत आणावेत. मागे दुधाचे दोन भरलेले कॅन लटकत असतील तर हे आणखी आधी सुरू करावे.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. त्याला डाव्या-उजव्या मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. नांगरताना जागेवर वळण्यासाठी ती वेगवेगळी वापरतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत. ती सुटी राहिली आणि ओल्या रस्त्यावर एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. मागच्या ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, तो भरलेल्या उसासकट ट्रॅक्टरला रेटतो. म्हणून उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ट्रेलरच्या पाठीमागे परावर्तक पट्ट्या नसतील तर पावसाळी रात्री तो मागून येणाऱ्याला दिसत नाही.

पुणे–सोलापूर महामार्गावर धोक्याचे रूप बदलते. वळणावर रस्त्याला एकाच बाजूला उतार असतो, तिथे दुभाजकाला पाणी अडते. वेगात टायर हे पाणी बाजूला सारू शकला नाही तर तो पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलके लागते. अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग फिरवू नये. ॲक्सिलरेटर सोडून टायर पुन्हा रस्ता पकडेपर्यंत थांबावे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली तर तो टायर कायद्यानेही बाद आहे. पावसासाठी त्याच्या कितीतरी आधी बदललेला बरा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय सोडावी, त्याने वळण्याची खूण झाकली जाते. पावसात हेडलाइटचा खालचा झोत पुरतो. पाटस–बारामती–इंदापूर या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला तसा वेग वाढला, पण आषाढीच्या आधी सणसर, बेलवडी, निमगाव केतकी ही वाट वारकऱ्यांची असते. प्लास्टिकचा कागद डोक्यावर ओढलेल्या माणसाला मागची गाडी ना दिसते ना ऐकू येते.

ओढ्यांवरचे फरशी पूल हा इथला शेवटचा आणि जिवावरचा धोका. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीला मोठा पूर आला, १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत इंदापूर तालुक्यातले ओढे रस्त्यांवरून वाहिले, आणि मे २०२५ च्या शेवटी दोन्ही तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नीरा डावा कालवा फुटला. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या खालची खोलीही दुचाकी आडवी करते आणि लहान मोटार ढकलते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे काठावरून कळत नाही, म्हणून पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. साचलेल्या उथळ पाण्यातून गाडी काढावीच लागली तर बाहेर आल्यावर सावकाश चालवत ब्रेक काही वेळ अलगद दाबून धरावा. भिजलेला ड्रम ब्रेक गरम होऊन वाळेपर्यंत नीट पकडत नाही.