भाताच्या मावळात मिलोची भाकरी

१९७२चा दुष्काळ म्हटलं की आपल्याला मराठवाडा आठवतो, सोलापूर-नगर आठवतं, खडी फोडणारी माणसं आठवतात. ते बरोबरच आहे. पण आज मी मावळाबद्दल बोलणार आहे. आपल्याच जिल्ह्यात इंदापूर-बारामतीकडं जमीन भेगाळलेली, आणि इकडं आमची भाताची खाचरं. मग आम्हा पोरांना टंचाई कळली कशी? रेशनकार्डावरून कळली.

याची सुरुवात आधीची आहे. १९६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं देशात पाऊस फसला. शास्त्रीजींनी सोमवारचं एक जेवण सोडायला सांगितलं. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ रुपयांना होता तो ७.५० झाला. घरात हे आकडे कुणाला ठाऊक? ठाऊक होता तो रेशनचा अमेरिकन गहू, आणि पुढं बहात्तर-त्र्याहत्तरला ती तांबडी ज्वारी, मिलो. थापताना भाकरीला चिरा पडायच्या. आम्ही ती आमटीत भिजवून कशीबशी गिळायचो.

तुम्ही म्हणाल, घरी भात पिकत होता ना? होता की. पण झोडणी झाली की आधी लेव्ही, म्हणजे ठरलेलं भात सरकारी भावानं सरकारला घालायचं. उरलेला आंबेमोहोर विकून कापडचोपड, वह्या-पुस्तकं. घरात भात सणाला नाहीतर आजाऱ्याला. एरवी उतारावरची नाचणी-वरी आणि रेशनचं.

त्यात तांदूळ इकडून तिकडं न्यायला बंदी. मुंबईला गिरणगावात आमची मावशी, तिला रेशनवर मोजकंच मिळायचं. एकदा आई तिच्यासाठी पायलीभर तांदूळ घेऊन निघाली. कामशेतहून लोणावळा, तिथून मुंबईची गाडी. मला पिशवीवर बसवलं आणि बजावलं, कुणी विचारलं तर कपडे आहेत म्हणायचं. एरवी खोटं बोललं तर हीच आई फटका द्यायची! तपासणीवाला आला, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. कागदोपत्री याला काळाबाजारच म्हणत. मला विचाराल, तर व्यापाऱ्यांच्या पोत्यांना आणि आईच्या पिशवीला एकच शब्द लावणं मला पटत नाही.

मावशीनं त्या रात्री त्यातलाच वाटीभर शिजवला आणि आम्हाला वाढला. आमच्याच खाचरातला तांदूळ, सण नसताना, मी पहिल्यांदा मुंबईत खाल्ला.