भिवंडीहून परळपर्यंत

१८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून पांगलेल्या मोमीन विणकरांनी जिथे आपले माग मांडले, आणि पुढे हातमागाची जागा जिथे यंत्रमागाने घेतली, त्या भिवंडीच्या इतिहासात सुताच्या भावाची आणि मागांच्या संख्येची मोजदाद विपुल आढळते. परंतु उंबरठ्याआत बसून कांड्या भरणाऱ्या, पदरावर सुताचे तंतू साचलेल्या बाईच्या दुखण्याची नोंद त्या दप्तरात सहसा लागत नाही. ती लागली, तर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या परळच्या टाटा इस्पितळात. आणि तीही बहुधा अंगावरून जाणे महिनोन्‌महिने सोसून, कोणापाशी न बोलता, अखेर एस.टी.ने कल्याण व तेथून लोकलने दादर गाठल्यावर.

त्याच इस्पितळात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगांची तुलना आरंभिली, आणि १९६३ पासून मुंबईत रुग्णांची रीतसर नोंदणी सुरू झाली. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एकाच अवस्थेत दाखल झालेल्या दोघींपैकी एक वाचते व दुसरी जाते, हे कोडे नोंदवहीतून सुटणारे नव्हते.

त्याचा एक धागा फार दूर गवसला. १९६२ साली स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लालापिंडातून असे एक द्रव्य, पेशींची वाढ चेतवणारा एक वृद्धिघटक, वेगळे केले, की ते टोचताच नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत. या वृद्धिघटकाचा संदेश झेलणारा ग्राही पेशीच्या आवरणावर असतो; गर्भाशयमुखाच्या गाठीचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, म्हणजे पेशीपेशीभोवती त्याची तपकिरी कड उमटते. ज्या विषाणूचा या रोगाशी असलेला संबंध हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली उजेडात आणला, त्याचे एक प्रथिन याच ग्राहीचा संदेश बळावते. तथापि ही कड गडद असली म्हणजे आयुष्य थोडे, असा निर्वाळा काही संशोधकांनी दिला, तर काहींना तसे आढळले नाही; भाकिताच्या कामी रोगाची अवस्थाच आजही अधिक विश्वसनीय ठरते, आणि ती अवस्था पुष्कळदा परळला पोचण्याच्या तारखेवर अवलंबून असते, हे मला अधिक जिव्हारी लागते.

म्हणूनच १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत टाटा इस्पितळाने आरंभिलेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी ज्यांची तपासणी व्हायची, त्यांच्या गर्भाशयमुखाला दहावी शिकलेल्या, प्रशिक्षित बाया दर दोन वर्षांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचा बोळा लावीत, मिनिटभर थांबत आणि पांढरा डाग उमटतो का ते निरखीत. बारा वर्षांअखेर त्या गटातील या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते.