चिमट्यात सापडलेला माणूस

सायकल घ्यायला गेलेला माणूस आधी घंटी वाजवून बघतो. मग सीट दाबतो, टायर दाबतो, पॅडल उलटं फिरवून बघतो आणि शेवटी, हा प्रश्न जणू आत्ताच सुचला अशा आवाजात, किंमत विचारतो. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून उभा असलेला जो दोन पायांचा भाग असतो, त्याच्याकडे मात्र तो ढुंकूनही बघत नाही. दुकानदार त्याला फोर्क म्हणतो, मेकॅनिक चिमटा म्हणतो आणि गिऱ्हाईक त्याला काहीच म्हणत नाही.

चिमटे तसे अनेक प्रकारचे. स्वयंपाकघरातला चिमटा पापड धरतो, गोसाव्याचा चिमटा ताल धरतो आणि सायकलचा चिमटा जीव धरतो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी त्याच्या वाट्याला येतो. पुढचा ब्रेक दाबला की सायकल थांबते, पण तिच्यावरचा माणूस थांबायला तयार नसतो. त्या दोघांमधलं भांडण चिमट्यानं सोसायचं. वर हॅन्डल जिकडे वळेल तिकडे चाकालाही वळवायचं. प्रत्येक ऑफिसात असा एकजण असतो. तो रजेवर जाईपर्यंत तो काय करतो हे कुणालाच ठाऊक नसतं. ऑफिसातला माणूस निदान रजेचा अर्ज देतो. चिमटा तोही देत नाही.

हे प्रकरण फार जुनं आहे. 1817 साली जर्मनीतल्या मानहाइमच्या कार्ल ड्राईस नावाच्या गृहस्थानं दोन चाकांची लाकडी गाडी रस्त्यावर आणली. तिला पॅडल नव्हतं, साखळी नव्हती. पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. पण पुढचं चाक धरून वळवणारा चिमटा होता. म्हणजे वंशावळीत चिमटा हा पॅडलचा थोरला भाऊ. पुढे 1885 मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ काढली. चाकं जवळजवळ सारखी, साखळी मागच्या चाकाला. तुमच्या-आमच्या सायकलची ही आजी. 1897 मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स यांनी टोकाला जाड नि मध्ये पातळ अशा पोलादी नळ्यांचं पेटंट घेतलं. जिथे ताण जास्त तिथे माल जास्त, बाकी ठिकाणी काटकसर. घरखर्चाचं हे तत्त्व आपल्याकडच्या बायकांना त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होतं, पण पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

एवढं सगळं होऊनही चिमटा मोडायचा. तो मोडला की काय होतं, हे ज्या एका माणसामुळे जगाला कळलं त्याचं नाव यूजीन क्रिस्तोफ. जन्म 1885 चा, म्हणजे ‘रोव्हर’च्याच वयाचा. फ्रेंच माणूस, लहानपणी कुलपं करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला. टूर दि फ्रान्स या शर्यतीत 1912 साली तो दुसरा आला. तेव्हा निकाल गुणांवर लागायचा. 1913 पासून तो पुन्हा एकूण वेळेवर लागू लागला आणि ही पद्धत क्रिस्तोफच्या सोयीची होती.

9 जुलै 1913. बायोनहून लुशोंला जायचं होतं, 326 किलोमीटर, आणि मध्ये पिरेनीज पर्वत. आपण तेवढ्या अंतरासाठी एस.टी.चं रिझर्व्हेशन करतो आणि खिडकी मिळाली नाही म्हणून कुरकुरतो. तुर्माले नावाचा घाट चढून क्रिस्तोफ वर पोचला, तेव्हा आदल्या वर्षीचा विजेता गळाला होता. हिशेब मांडला तर एकूण शर्यतीत आता क्रिस्तोफच पुढे होता. तो घाट उतरू लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की हातातल्या हॅन्डलचं नि खालच्या चाकाचं एकमेकांशी काही बोलणंच राहिलेलं नाही. चिमटा मोडला होता.

आता नियम ऐका. दुसरी सायकल घ्यायची नाही. कुणाची मदत घ्यायची नाही. जे काही मोडेल ते ज्याचं त्यानं आपल्या हातानं दुरुस्त करायचं. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पंक्चर असावं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी पंक्चरच असतं.

क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर घेतली आणि तो चालू लागला. मागे टाकलेले सगळे त्याला एकेक करून ओलांडून गेले. डोळ्यांत पाणी, खांद्यावर सायकल, असा तो दहा किलोमीटरांहून जास्त चालत खाली सांत-मारी-द-कांपां नावाच्या खेड्यात पोचला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहार भला माणूस, म्हणाला मी करून देतो. पण पाठोपाठ शर्यतीचे अधिकारी येऊन दारात उभे. लोहारानं हात लावायचा नाही! लोहारानं फक्त तोंडानं सांगायचं. मग कुलपांच्या उमेदवारीतलं सगळं आठवून क्रिस्तोफनं स्वतः लोखंड तापवलं, ऐरणीवर ठोकलं, आणि आपला चिमटा आपण जोडला. सुमारे तीन तास हे काम चाललं होतं. त्यातल्या एका अधिकाऱ्याला म्हणे भूक लागली नि तो खायला निघाला, तेव्हा क्रिस्तोफनं त्याला सुनावलं, की भूक लागली असेल तर कोळसे खा; मी तुमचा कैदी, तुम्ही माझे पहारेकरी, शेवटपर्यंत इथून हलायचं नाही.

अडचण एकच आली. एका हातात तापलेली नळी, दुसऱ्या हातात हातोडा, मग भाता ओढणार कोण? तिथे एक पोरगा उभा होता. त्यानं ओढला.

अधिकाऱ्यांनी ताबडतोब लिहून घेतलं : बाहेरची मदत. दंड, दहा मिनिटं.

या अधिकाऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण तो मला ओळखीचा वाटतो. मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. नियमाचा माणूस कसा असतो हे मला पुस्तकातून वाचावं लागत नाही. त्याचं त्या क्रिस्तोफशी वैर नव्हतं. घरी जाऊन त्यानं बायकोला ती हकिकत गहिवरून सांगितलीही असेल. पण नियमात ‘मदत’ हा शब्द होता आणि ‘पोरगा लहान असल्यास’ असं पोटकलम नव्हतं. पुढे वरिष्ठांनी दंड दहाचा तीन मिनिटांवर आणला म्हणतात. सुमारे चार तास ज्याचे गेले त्याला सात मिनिटांची सूट! आमच्याकडे याला सहानुभूतिपूर्वक विचार म्हणतात.

जोडलेल्या चिमट्यावर, खिशात पाव कोंबून, क्रिस्तोफ आणखी दोन घाट चढला आणि लुशोंला पोचला. शर्यत त्यानं सोडली नाही. शेवटी तो सातवा आला. पहिला आला बेल्जियमचा फिलिप टिस, आणि गंमत बघा, शेवटी शेवटी चिमटा त्याचाही मोडला! पण तो मोडला अशा ठिकाणी की जवळ सायकलचं दुकान होतं. तिथे त्यानं तो दुरुस्त करून घेतला, दहा मिनिटांचा दंड निमूटपणे सोसला आणि तरीही नऊ मिनिटांपेक्षा थोड्या कमी फरकानं शर्यत जिंकली. दोघांचाही चिमटा मोडला, दोघांनाही दंड दहाच मिनिटं. एकाला दुकान मिळालं, दुसऱ्याला डोंगर. नशीब म्हणतात ते याला. पत्रिकेत ते फक्त वेगळ्या भाषेत लिहिलेलं असतं.

मग महायुद्ध झालं. 1919 साली शर्यत पुन्हा सुरू झाली. 67 जण निघाले, आणि शेवटपर्यंत पोचले जेमतेम दहा-अकरा. त्या वर्षी आघाडीवरच्या गड्यानं ओळखू यावं म्हणून पिवळी जर्सी घालावी असं ठरलं आणि 19 जुलैला ग्रनोबल गावी ती पहिल्यांदा ज्याच्या अंगावर चढली तो क्रिस्तोफ, वय 34. लोक त्याला पिवळा कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे, आणि त्याला ते मुळीच आवडत नसे. तरी जर्सी त्यानं टिकवली. शेवटून दुसरा टप्पा, मेझ ते डंकर्क, 468 किलोमीटर. व्हालांसिएनजवळच्या फरसबंदीवर त्याचा चिमटा मोडला. पुन्हा सायकल ओढत जाणं, पुन्हा स्वतः जोडणं, तासाहून जास्त वेळ गेला. जर्सी लांबोत नावाच्या बेल्जियनाकडे गेली, शर्यतही गेली. क्रिस्तोफ तिसरा. या वेळी फ्रान्समधल्या लोकांना राहवेना; वर्तमानपत्रातून वर्गणी गोळा झाली आणि त्याला भरघोस रक्कम मिळाली.

1922 साली, वयाच्या 37 व्या वर्षी, त्यानं पिवळी जर्सी पुन्हा अंगात घातली. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत आल्प्समधला गालिबिए घाट उतरताना काय मोडलं, हे मी आता सांगायला नको.

तीनदा! आपल्याकडे असता तर घरच्यांनी त्याला नारायण नागबळी करायला त्र्यंबकेश्वरला पाठवलं असतं. पण मला चटका लावून जाते ती वेगळीच गोष्ट. उतारवयात क्रिस्तोफनं सांगितलं, की 1913 साली चिमटा मोडला हे मी तेव्हा उघडपणे बोललो नसतो. ज्यांची सायकल चालवत होतो त्या कंपनीची ती वाईट जाहिरात झाली असती. शर्यत गेली, तरी ज्याचं मीठ खाल्लं त्याचा चिमटा सांभाळून घेतला.

आज चिमटा बदलायचा तर लोहार लागत नाही, पैसे लागतात. 1989 साली अमेरिकेत पॉल टर्नर नावाच्या, मोटरसायकलींच्या शर्यतीतून आलेल्या मेकॅनिकनं सायकलसाठी हवा नि तेल भरलेला, दबणारा चिमटा बाजारात आणला. जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. लोक आधी हसले. 1990 मध्ये कोलोराडोतल्या डुरँगो गावी डोंगरी सायकलींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. चढउताराची आणि निव्वळ उताराची, दोन्ही पदकं हे चिमटे लावणाऱ्यांनी नेली. मग लोक हसायचे थांबले आणि किंमत विचारू लागले. 1992 मध्ये फ्रान्समधल्याच पॅरिस-रुबे या फरसबंदीवरच्या शर्यतीत द्युक्लो-लासाल नावाचा फ्रेंच गडी तोच दबणारा चिमटा लावून जिंकला. वय 37. त्याच वयात क्रिस्तोफ गालिबिएवर मोडका चिमटा घेऊन उभा होता.

म्हणजे हल्ली चिमटा मोडतच नाही असं नव्हे. 2006 च्या पॅरिस-रुबेमध्ये हिंकापी नावाच्या अमेरिकन गड्याची चिमट्याची वरची, हॅन्डलकडे जाणारी नळी तुटली. ही नळी अॅल्युमिनियमची होती. हॅन्डल हातात आलं आणि सायकल पुढे गेली. नव्वद वर्षांत माल बदलला, तुटायची जागा बदलली नाही.

म्हणून नवा चिमटा निवडायचा झाला तर रंग शेवटी बघावा. आधी वरची नळी मोजावी : एक इंची की सव्वा इंचाला थोडी कमी, की खाली रुंद होत गेलेली, आटे असलेली की बिनआट्याची. मग चाकाच्या आसापासून खांद्यापर्यंतची उंची. जुन्यापेक्षा उंच चिमटा लावला तर सायकलचं नाक वर होतं, हॅन्डल आळसावतं. बुटका लावला तर ती नको तितकी चपळ होते. मग खालची बाक. चिमट्याचे पाय पुढे वळलेले असतात ते नटवेपणा म्हणून नव्हे. आस थोडा पुढे ठेवला की वळणाची तऱ्हा ठरते. आपल्या जुन्या काळ्या सायकलीची ती मोठी बाक आठवा. ती दुधाच्या किटल्या लावूनसुद्धा सरळ चालायची. मग टायर मावतं का, ब्रेक बसतो का. आणि सगळ्यांत शेवटी वजन. दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी हजारो रुपये मोजणारे लोक आहेत. तेवढेच दोनशे ग्रॅम रात्री श्रीखंड न खाता फुकट वाचतात, पण ते कुणी दाखवायला नेत नाही. जुना पोलादी चिमटा मोडायच्या आधी बहुधा वाकून बघतो, निदान सूचना तरी देतो. कार्बनचा चिमटा हलका खरा, पण मिताक्षरी. तो सहसा काही सांगत नाही. तेव्हा पडझड झाली असेल तर जाणकाराला दाखवावा, आणि दुसऱ्याचा वापरलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये.

निवडताना दुकानदार विचारतो, बजेट किती? तो त्याचा धर्म आहे. आपण स्वतःला दुसरा प्रश्न विचारावा : घाट उतरतोय, वेग आहे, समोर वळण आहे, या क्षणी हा चिमटा असावा असं मला वाटेल का? क्रिस्तोफला हा प्रश्न विचारायची मुभाच नव्हती. जो मिळाला तो त्यानं चालवला, मोडला तेव्हा जोडला, आणि पुन्हा चालवला. 1906 ते 1925 या काळात तो ही शर्यत अकरा वेळा खेळला, एकदाही जिंकला नाही आणि 1970 साली, 85 वर्षांचा होऊन गेला. सांत-मारी-द-कांपांला त्या भट्टीच्या जागी फलक आहे. गावात त्याचा पुतळाही आहे, हातात उंच धरलेला चिमटा.

त्याच्या नावानं सायकलचा एक भाग मात्र पुढे खरंच विकला जायचा. पॅडलवर पाय अडकवून ठेवायची जी पोलादी क्लिप असते ना, तिच्यावर ‘क्रिस्तोफ’ अशी अक्षरं कोरलेली असत. जगभरच्या शर्यतीतल्या गड्यांचे पाय त्यानं वर्षानुवर्षं सायकलला बांधून ठेवले. ज्यानं आपले पाय तीनदा जमिनीवर टेकवले नि तीनही वेळा पुन्हा पॅडलवर ठेवले, त्याचं नाव शोभावं असा तोच एक भाग. चिमट्यावर त्याचं नाव घालायचा धीर बहुधा कुठल्याच कंपनीला झाला नसता.