गॅरेजमधली बत्तीस माणसं

'नेटवर्किंग' म्हटलं की आम्हा इंजिनियर मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. राऊटर-स्विचवालं नेटवर्किंग असेल तर ठीक, त्याची परीक्षा पण दिलीय! पण हॉटेलच्या हॉलमध्ये सूपचा वाडगा सांभाळत अनोळखी माणसाला "तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" विचारायचं, हे काही जमत नाही बुवा. ही सेल्सवाल्यांची विद्या, असं माझे बरेच मित्र म्हणतात. त्यांना मी नेहमी होमब्रू कॉम्प्युटर क्लबची गोष्ट सांगतो. आज तीच लिहितो.

जानेवारी १९७५. अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचा एक डबा झळकला. साधारण ४०० डॉलरला सुटे भाग मिळायचे, जोडणी ज्याची त्याने करायची. ना कीबोर्ड, ना स्क्रीन. मेमरी २५६ बाइट्स (किलोबाइट नव्हे, नुसते बाइट!). पुढची बटणं खालीवर करून प्रोग्राम भरायचा आणि लुकलुकणारे दिवे बघून उत्तर ओळखायचं. असलं प्रकरण एकट्याने घरी बसून चालवणं महाकठीण. कुणाकडे भाग असायचे, कुणाकडे माहिती, कुणाकडे नुसताच उत्साह. म्हणजे एकमेकांना शोधणं ही हौस नव्हती, गरज होती.

म्हणून फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच या दोघांनी कॅलिफोर्नियात बैठक बोलावली. ५ मार्च १९७५, मेन्लो पार्कमधलं फ्रेंचचं गॅरेज. बाहेर पाऊस, आत ३२ माणसं. त्यातला एक होता स्टीव्ह वॉझनियाक. नोकरी एचपीमध्ये, काम कॅल्क्युलेटर डिझाइन करायचं, आणि स्वभाव भयंकर लाजाळू. चर्चा आपल्याला न कळणाऱ्या विषयावर चाललीय म्हणून तो बिचारा अवघडून बसला होता. पण जाताना मायक्रोप्रोसेसरच्या माहितीचा एक कागद त्याच्या हाती लागला. तो वाचताना ॲपल-१ ची कल्पना सुचली, असं त्यानेच पुढे सांगितलंय.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या बैठकांच्या पद्धतीची. गर्दी वाढल्यावर क्लब स्टॅनफर्डच्या लिनिअर ॲक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात भरू लागला. सूत्रं ली फेल्सेन्स्टाइनकडे आली. त्याने बैठकीचे भाग पाडले. एक 'मॅपिंग': ज्याला बोलायचंय त्याने थोडक्यात सांगायचं, माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय, काय नवीन ऐकलं. मग 'रँडम ॲक्सेस': सगळ्यांनी उठायचं आणि ज्याच्याशी काम आहे त्याला थेट जाऊन गाठायचं. बघा, ओळख करून घ्यायला गोडबोलेपणा लागलाच नाही! शिवाय नंतर बरेचजण 'ओॲसिस' नावाच्या अड्ड्यावर बिअर प्यायला जायचे, ते वेगळंच.

वॉझ सभेत हात वर करून बोलायचा नाही. तो आपलं मशीन टेबलावर मांडायचा, माणसं आपोआप भोवती जमायची. सर्किटच्या आकृत्या तो फुकट वाटायचा. सर्किट बोर्ड विकूया, ही कल्पना त्याच्या मित्राची, स्टीव्ह जॉब्सची. १ एप्रिल १९७६ ला ॲपल सुरू झाली. क्लबातच यंत्र बघितलेल्या पॉल टेरेलने आपल्या 'बाइट शॉप'साठी ५० नग मागवले, प्रत्येकी ५०० डॉलरला. ॲपलची पहिली मोठी ऑर्डर ती हीच.

पण सगळंच गोडगोड नव्हतं. अल्टेअरसाठी लिहिलेल्या बेसिकची टेप क्लबात धडाधड कॉपी होऊन वाटली गेली. ते लिहिणाऱ्यांपैकी बिल गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून खरमरीत जाहीर पत्र लिहिलं. तुम्ही चोरी करताय, मग चांगलं सॉफ्टवेअर फुकट कोण लिहिणार, असा त्याचा सूर. त्याचंही चूक म्हणवत नाही. स्वतःचं डिझाइन वाटणं वेगळं आणि दुसऱ्याची मेहनत वाटणं वेगळं. आणि सगळं वाटून घ्यावं असं मनापासून मानणारा मूर तर क्लबातून लवकरच बाहेर पडला. मागे क्लबातल्यांनी एकामागून एक कंपन्या काढल्या. धंदा आला तशी गुपितंही आली. डिसेंबर १९८६ मध्ये क्लब बंद झाला.

असो. अकरा वर्षं काही कमी नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की लाजाळू माणसाला नेटवर्किंग जमत नाही असं नाही. त्याला निमित्त लागतं. पुढच्या टीम लंचला "स्वतःबद्दल सांगा" ऐवजी दोनच प्रश्न विचारून बघा: सध्या कुठे अडलाय? आणि दुसऱ्याला कशात मदत करू शकाल? मग जेवण होईपर्यंत कुणालाही मध्ये बोलवू नका. कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेला टेस्टर कुणाच्या टेबलाकडे उठून जातो, ते फक्त बघा.