परदेशातून परतल्यावर सरकारी आरोग्य योजना पुन्हा कशी सुरू करायची? भोर-वेल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

सौदी, दुबई, कतारमधली नोकरी संपली की इकामा किंवा व्हिसा रद्द होतो आणि त्यासोबत कंपनीने काढलेला आरोग्य विमाही संपतो. माणूस घरी येतो, पाहुणे भेटायला येतात, महिना-दोन महिने असेच जातात. इथल्या दवाखान्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नसतो. आमच्या नात्यातले एक भाई सोळा वर्षांनी सौदीहून परतले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखू लागले. घरात केशरी रेशनकार्ड होते, पण त्यावर भाईंचे नाव नव्हते. ई-केवायसीच्या वेळी "ते बाहेर आहेत" म्हणून घरच्यांनीच ते कमी करून घेतले होते. योजनेत बसणारी अँजिओप्लास्टी शेवटी भाभींचे दागिने मोडून झाली. घरात कार्ड असूनही असे झाले, म्हणून हा विषय सविस्तर लिहितो आहोत.

सर्वात आधी एक गैरसमज दूर करू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ही काही हप्ता भरून चालू ठेवायची पॉलिसी नाही. तिचे 'रिन्यूअल' नसते. कुणी एजंट "तुमचा सरकारी विमा बंद पडलाय, दोन हजार द्या, चालू करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. योजना बंद पडत नाही. आपली ओळख कागदावरून पुसली जाते. ती पुन्हा लावली की योजना लागू होते. त्यासाठी लागतात आधार आणि रेशनकार्ड.

योजना कुणाला लागू आहे

राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. पूर्वी दीड लाखाचे संरक्षण होते आणि ते मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांपुरते होते. २०२३ च्या शासन निर्णयाने ते कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाले आणि पांढरे (शुभ्र) कार्ड असलेली कुटुंबेही त्यात आली. ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही, त्यांच्यासाठी अधिवास दाखल्याचा मार्ग आहे. पण त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात, आणि बाहेर राहून आलेल्या माणसाला ते जुळवताना दमछाक होते. आमच्या मते रेशनकार्डचा रस्ताच सोपा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गल्फची कमाई लपवून केशरी कार्ड टिकवायची आता गरज नाही. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर असेल तर पांढरे कार्ड घ्या. धान्य मिळणार नाही, पण उपचारांसाठी संरक्षण तेवढेच आहे.

पहिले काम : आधारचा मोबाइल नंबर

हे काम लोक शेवटी करतात आणि मग सगळे अडते. परदेशात जाताना आधारला जोडलेला नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो, आणि नंतर तो दुसऱ्या कुणाला दिलाही जातो. मग ओटीपी आपल्याकडे येत नाही. परतल्यावर चालू भारतीय नंबर घेऊन आधार केंद्रात जा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून स्वतःच जावे लागते. ऑक्टोबर २०२५ पासून अशा दुरुस्तीची फी ७५ रुपये आहे.

तिकडे जन्मलेल्या मुलांचे आधार बहुतेक वेळा काढलेलेच नसते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना आधारसाठी १८२ दिवस थांबावे लागत नाही. परतल्याबरोबर अर्ज करता येतो. मुलाचा पासपोर्ट आणि जन्मदाखला सोबत ठेवा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांचे ठसे नव्याने द्यायचे असतात, तेही तपासून घ्या.

दुसरे काम : रेशनकार्डावर नाव

आधी गावातल्या रेशन दुकानात जा आणि ई-पॉस मशीनवर आपल्या कार्डात कोणकोण दिसते ते बघा. हातातल्या जुन्या कार्डावर नाव छापलेले आहे म्हणून समाधान मानू नका. ऑनलाइन नोंदीत जे आहे तेच धरले जाते. त्याच वेळी बारा अंकी ऑनलाइन कार्ड नंबर लिहून घ्या, पुढे तो लागतो.

नाव दिसत असेल आणि फक्त ई-केवायसी राहिली असेल तर तिथेच अंगठा देऊन काम होते. नाव कमी झाले असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव वाढवण्याचा अर्ज द्यायचा. भोर तालुक्याचे काम भोरच्या तहसीलमध्ये आणि वेल्ह्याचे वेल्ह्याच्या. वेल्हे तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले आहे, त्यामुळे नव्या कागदांवर 'ता. राजगड' दिसले तर गोंधळू नका. अर्जासोबत आधार, मूळ कार्ड आणि परत आल्याचा पुरावा म्हणून पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती ठेवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला, त्याखाली ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. पण पोच नसेल तर कशाच्या आधारावर करणार?

निकाहनंतर बायको बाहेर गेलेली असेल तर तिचे नाव अनेकदा माहेरच्या कार्डावरच राहिलेले असते. आपल्याकडे वरंध घाटाखाली महाडशी सोयरीक जुनी आहे. माहेर महाडचे असेल तर तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे नाव चढत नाही. पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसतो, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातच उरका. एक नाव दोन कार्डांवर चालत नाही.

सगळेच कुटुंब बाहेर होते आणि कार्डच बंद पडले असेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण ते टाळून चालणार नाही.

आता नावांविषयी. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे हा दोष थोडा आमच्याकडेही येतो. हजेरीपटावर एकाने 'मोहम्मद' लिहिले, दुसऱ्याने 'मुहम्मद', तिसऱ्याने नुसते 'मो.'. उर्दूत एकच असलेले नाव मराठीत तीन आणि इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिले जाते. बायकांच्या नावापुढचे 'बी' किंवा 'बेगम' एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. पासपोर्टवर बापाचे नाव वेगळ्या खान्यात जाते. आजारपणात हे जुळवत बसायला वेळ नसतो. आधारावरचे नाव प्रमाण मानून रेशनकार्डावरचे नाव त्याच्याशी जुळवून घ्या. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो.

तिसरे काम : आयुष्मान कार्ड

रेशनकार्डावर नाव आले की आयुष्मान अॅपवर किंवा सेवा केंद्रात प्रत्येक सदस्याची ई-केवायसी करून कार्ड काढता येते. गावातल्या आशाताईही मदत करतात. आभा कार्ड आणि हे कार्ड एक नव्हे. आभा हा चौदा अंकी आरोग्य नोंदीचा नंबर आहे, त्यावर उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. "आमच्याकडे कार्ड आहे" म्हणणाऱ्या निम्म्या घरांत आम्हाला आभाच दिसले.

घरात ७० वर्षांच्या वरचे अम्मी-अब्बा असतील तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरतात.

आजारपण आधीच आले तर

योजना अंगीकृत रुग्णालयातच चालते. पुण्याचे ससून त्यात आहे, काही खासगी रुग्णालयेही आहेत. राज्यात कुठेही चालते, त्यामुळे वेल्ह्याचा रुग्ण पुण्यात गेला काय आणि महाडकडे गेला काय, फरक पडत नाही. निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत नंबरवर विचारा : हे रुग्णालय यादीत आहे का, आणि हा आजार तिथे घेतात का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा. तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून पण लवकर द्यावे लागतात. योजना कॅशलेस आहे. आधी स्वतः पैसे भरून नंतर बिल दाखवले तर ते परत मिळत नाहीत.

जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असला तरी या योजनेत वाट बघावी लागत नाही. खासगी विम्यात मात्र बघावी लागते. जाण्यापूर्वी काढलेली इथली पॉलिसी हप्ता न भरल्याने बंद पडली असेल आणि सवलतीचे दिवस (साधारण ३०) उलटून गेले असतील, तर ती नवीनच धरतात. आधीपासूनच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागते. गल्फच्या विम्याची वर्षे इथे मोजत नाहीत. तरीही तिथले तपासणीचे कागद जपून आणा, ते डॉक्टरला लागतात.

कारखान्यात नोकरी लागली तर

परतलेली बरीच मुले शिरवळ, खेड-शिवापूर भागातल्या कारखान्यांत लागतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल आणि कारखाना ईएसआयखाली असेल तर पगारातून ०.७५ टक्के कपात होते, मालक ३.२५ टक्के भरतो. परदेशात जाण्यापूर्वी कुठे ईएसआय होते का, आठवा. तो विमा क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असतो. नव्या ठिकाणी तोच द्या, नाहीतर दोन क्रमांक होतात आणि कुटुंबाची नोंद एका जागी, कपात दुसऱ्या जागी असा घोळ होतो. जुना क्रमांक जुन्या पगारपत्रकावर किंवा ओळखपत्रावर सापडेल.

ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्यांना रेशनकार्ड मिळत नाही. त्यांनी खासगी विम्याचाच विचार करावा. गल्फवाल्यांपैकी बहुतेकांचा पासपोर्ट भारतीयच असतो, त्यामुळे त्यांना ही अडचण नाही.

सुट्टीवर येणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आलात की महिन्याभरात दुकानावर जाऊन अंगठा देऊन जा आणि सिमकार्ड रिचार्ज करत राहा. भाईंचे नाव आता कार्डावर परत आले आहे. त्याला तहसीलच्या चार फेऱ्या लागल्या, आणि दुसऱ्या फेरीत अब्बांच्या नावातला 'गुलाम' सुटल्याचे लक्षात आले.