वरातीचा उजेड

गेल्या पौषातील गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळी आमच्या घरी आला. इतिहास हा विषय घेऊन तो पदवीधर झाला होता; परंतु त्या पदवीने त्यास नोकरी मिळवून दिली नाही, आणि लग्नसमारंभात ध्वनिक्षेपक लावून गाणी वाजवण्याचा, ज्यास हल्ली लहानथोर सर्वच डीजे म्हणतात तो, धंदा त्याने पत्करला. स्वतःचा लहानसा टेंपो आहे. आज सांगली तर उद्या कराड, अशी त्याची फिरती असते. पौषात लग्ने नसतात, म्हणूनच त्यास आमच्याकडे येण्यास सवड झाली. बँकेने त्यास दिव्यांसाठी कर्ज मंजूर केले होते आणि तेवढ्या रकमेत एक तर फिरत्या झोताचे चार दिवे येत होते, नाहीतर स्थिर एलईडीचे सोळा. "सर, कोणते घेऊ?" असा त्याने सरळ प्रश्न केला. दिव्यांतले आम्हांस काय कळते, असे आम्ही हसून म्हटले. तेव्हा तो म्हणाला, "प्रत्येक वस्तूला पूर्वपीठिका असते, असे तुम्हीच वर्गात सांगत होता." ह्या उत्तरावर आम्ही निरुत्तर झालो. त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर, थोडे लांबलचक करून, आम्ही येथे देत आहोत.

लग्नाच्या दिव्यांचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. देवघरातील समई किंवा दिवाणखान्यातील झुंबर आपल्या जागी राहते. लग्नाचा दिवा मात्र उचलून न्यावा लागतो. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की रात्री वरात निघावयाची, आणि ती ज्या वाटेने जावयाची ती वाट अंधारी असावयाची. म्हणून काय उचलून नेता येते आणि ते कोण उचलतो, ह्या दोन प्रश्नांभोवतीच हा सारा इतिहास फिरत आला आहे.

आरंभी मशाल होती. चिंध्यांचा घट्ट वळलेला बोळा, त्यास धरावयाची दांडी, आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली. मशालीचा उजेड चार पावलांपलीकडे पोचत नाही आणि तिला घटकेघटकेला तेल पाजावे लागते. तेव्हा एका मशालीमागे एक माणूस गुंतलाच. आणि त्या माणसाचे लक्ष वधूवरांकडे नव्हे, तर बोळ्याकडे असावयाचे. उजेड थोडा म्हणून मशाली पुष्कळ, आणि मशाली पुष्कळ म्हणून त्यांच्या संख्येवरून यजमानाची ऐपत मोजण्याची रीत, असा हा क्रम आहे. दिवट्या, हिलाल, मध्येच निळसर पांढऱ्या प्रकाशाने सारा रस्ता उजळून टाकणाऱ्या चंद्रज्योती, ही सर्व त्याच ऐपतीची अंगे होत. दक्षिणेत तर मठाधिपतींच्या पालखीपुढे भरदिवसा मशाली धरण्याचा मान असे. सूर्य डोक्यावर असता मशाल लावावयाची ती काही वाट दिसावी म्हणून नव्हे! दिव्याने पाहावयाचे असते तसेच दिवा दाखवावयाचाही असतो, ही गोष्ट विजेबरोबर आपल्याकडे आली असे जे मानतात, त्यांनी ह्या मानाचे स्मरण ठेवावे.

आणि मशाल धरणाऱ्याचे काय झाले? कंपनीच्या अमदानीत साहेबांच्या पालखीपुढे मशाल घेऊन धावणारा मशालची रात्री संपल्यावर दिवसा रिकामा राही, म्हणून त्याला भांडी घासावयास लावू लागले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या सुप्रसिद्ध कोशात हे अर्थांतर नमूद आहे. खानावळींत आणि सरकारी भोजनगृहांत भांडी घासणाऱ्यास ‘मसालची’ म्हणतात. त्या नावाचा मसाल्याशी काडीमात्र संबंध नाही. उजेड धरणारा मोरीपाशी जाऊन बसला, आणि त्याच्या नावातील मशालही विझून गेली.

काचेच्या हंड्या व झुंबरे ह्यांनी वाडे शोभिवंत केले, परंतु वरातीला त्यांचा उपयोग नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे लागले. तेही खांबाला जखडलेलेच. खरी क्रांती केली ती एका जाळीने. कार्ल आउअर ह्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली ज्योतीवर बसवावयाच्या जाळीचे पेटंट घेतले आणि १८९१ साली तिच्यासाठी नव्याण्णव भाग थोरियम व एक भाग सीरियम ह्यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण ठरवले. ही जाळी स्वतः जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने ती पांढरीशुभ्र तेजाळते. १९०१ साली किट्सन नावाच्या इंग्रजाने रॉकेलची दाबाखाली वाफ करून ती ह्या जाळीखाली पेटवण्याची युक्ती काढली. आपल्याकडे सभासमारंभांत पुढे कित्येक वर्षे गाजलेली ‘किट्सन लाईट’ ती हीच. १९१० च्या सुमारास बर्लिनच्या माक्स ग्रेट्सने तीच युक्ती हातात धरता येईल अशा कंदिलात उतरवली आणि पेट्रोलियमला स्वतःचे नाव जोडून त्याचे ‘पेट्रोमॅक्स’ असे बारसे केले. ह्यात एक मौज आहे. जाळीला लागणारे थोरियम ज्या मोनाझाइटच्या रेतीतून निघे, ती रेती १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. काथ्याला चिकटून परदेशी गेलेल्या वाळूने तिचा माग लागला. केरळची वाळू जर्मनीस जावी आणि जाळी होऊन घाटावरच्या वरातीत उजळावी, असा हा व्यापार होता.

ही गॅसबत्ती आम्ही स्वतः पाहिली आहे. १९७८ च्या आसपास, सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, आमच्या आतेबहिणीच्या लग्नात. पंप मारून, स्पिरिट जाळून बत्ती पेटली की तिचा एक प्रकारचा फुत्कार सुरू होई. अशा बाराएक बत्त्या डोक्यावर चुंबळ ठेवून बायका वरातीच्या दोन्ही अंगांना चालत होत्या. पाचशे मेणबत्त्यांच्या तेजाची म्हणून जी बत्ती विकली जाई तिची धग केवढी असेल, ह्याचा विचार त्या वयात आमच्या मनात आला नाही. उजेड पाहून आम्ही नाचत होतो. वेशीपाशी एका बाईचा पाय ठेचाळला. ती पडली नाही, बत्तीही पडली नाही. परंतु धक्क्याने जाळीची राख झाली आणि तेवढ्या तुकड्यात अंधार पडला. वरपक्षाच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तेथेच, सर्वांदेखत, त्या बाईच्या मजुरीतून जाळीचे पैसे कापावयास सांगितले. तिने पदराने कपाळ पुसले आणि विझलेली बत्ती डोक्यावर घेऊनच ती पुढे शेवटपर्यंत चालली, कारण मधूनच निघून गेली असती तर उरलेली मजुरीही मिळाली नसती. आमच्या घरातील कोणी एका शब्दाने बोलले नाही. लग्नातले दुसरे काहीही आज आम्हांस धड आठवत नाही. ती विझलेली बत्ती आठवते.

त्यानंतर ढकलगाडीवर जनरेटर आला, त्याला वायरीने जोडलेल्या ट्यूबलाइटी आल्या. बायकांच्या डोक्यावरील ओझे बदलले, उतरले नाही.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या दिव्यांकडे वळू. ज्यास ते लोक ‘पार’ म्हणतात तो मुळात नाटकाच्या व संगीताच्या रंगमंचावरील दिवा. त्यातील मोठी, आठ इंच व्यासाची जात एकेक हजार वॅट वीज खाई आणि तीपैकी फार मोठा भाग उष्णता होऊन वाया जाई. यंत्राने स्वतः वळणारा, रंग बदलणारा झोत १९८१ साली जेनेसिस ह्या इंग्रज वादकमंडळीच्या दौऱ्यात प्रथम गाजला, आणि १९८६ साली एका तारेवरून ५१२ वेगवेगळ्या आज्ञा देण्याची ‘डीएमएक्स’ नावाची पद्धत ठरली. तथापि हे सारे मोठ्या रंगमंचाचे वैभव होते. मंगल कार्यालयातील पंधरा अँपिअरचा एक प्लग घ्या. २३० व्होल्टने गुणले तर ३,४५० वॅट झाले. म्हणजे जुने पार तीन लागले की संपले. १९९३ साली जपानमध्ये शूजी नाकामुरा ह्यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. तांबडा व हिरवा पूर्वीच होते, निळ्यावाचून सर्व रंग व पांढरा प्रकाश अडून बसला होता. ह्या कामाबद्दल त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांसह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज दहा वॅटचे अठरा एलईडी बसवलेला पार १८० वॅटमध्ये चालतो. त्याच एका प्लगवर हिशेबाने एकोणीस चालावेत. रंगमंच टेंपोत मावला तो ह्या निळ्या कणामुळे. आणि आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, प्रथमच लग्नाचा उजेड कोणाच्या डोक्यावर न देता नेता येऊ लागला.

मग चार की सोळा? फिरता झोत धुराशिवाय दिसतच नाही. यंत्राने हवेत विरळ धूर सोडावा तेव्हा त्याचे खांब उभे राहतात. तो भरदिवसाच्या मशालीच्या कुळातला, मानाचा दिवा आहे. त्याने माणसाचा चेहरा दिसत नाही. स्थिर पार भिंत उजळतो, मांडव उजळतो, समोरची माणसे उजळतो. परंतु रंगांच्या बाबतीत तोही घात करतो. हळदीचा पिवळेपणा म्हणजे निळा प्रकाश गिळून टाकणे. म्हणून निव्वळ निळ्या दिव्याखाली हळद माखलेला चेहरा मळकट दिसतो, आणि कुंकू तर निळ्या किंवा हिरव्या उजेडात चक्क काळे दिसते. एका हळदीच्या समारंभात आमच्या वृद्ध मावशी हे पाहून खरोखर घाबरल्या होत्या, आणि त्यांना हसणाऱ्या तरुण मंडळींस आम्ही शास्त्र समजावून सांगितले तरी कोणी दिवा बदलला नाही. लेसरविषयी न बोललेले बरे. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर कोल्हापुरात तरुणांच्या नेत्रपटलास इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०२४ साली पुण्याच्या पोलिसांना मिरवणुकीत लेसर झोतांस मनाई करावी लागली.

आम्ही अर्थातच सोळा घे म्हणालो. त्याने बारा घेतले आणि उरलेल्या पैशांत एक फिरता झोत. "एकही फिरता नसला तर लोक विचारत नाहीत, सर. व्हिडिओ बघूनच ठरवतात." ह्यावर आम्हांस बोलता येईना, हप्ते त्याला फेडावयाचे आहेत, आम्हांस नाहीत.

वैशाखात एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नात त्याचेच दिवे होते. अंतरपाट धरला तेव्हा त्याने रंग सगळे काढून टाकले, फिरता झोत बंद केला आणि खांबांवर तेवढा समईसारखा पिवळसर उजेड ठेवला. मुलीची आजी पहिल्या रांगेत बसली होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. तिने नातीचा चेहरा डोळेभरून पाहिला. रात्री जेवणाच्या वेळी तो कोठे दिसेना, म्हणून आम्ही शोधावयास गेलो. सभागृहाच्या कोपऱ्यात, खांबाआड, अंधारात तो आपल्या यंत्रापाशी उभा होता. चल, पंगत बसली आहे, असे आम्ही म्हणालो. "पाठवणी होईपर्यंत जागा सोडता येत नाही, सर," तो म्हणाला. आम्ही ताट वाढून तेथेच आणले आणि तो जेवेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहिलो. पाठवणी झाली, मंडळी पांगली, तेव्हा त्याने अकरा दिवे उतरवून टेंपोत घातले. बारावा त्याने खुर्च्या आवरणाऱ्या बायकांसाठी लावून ठेवला होता.