ताप कुठून आला?

सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने फणफणत होती आणि काही दिवसांत दगावत होती. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्णांच्या अंगावरच्या गाठी पाहिल्या आणि हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला. 1897-98 मध्ये साथ बेळगाव-धारवाड भागातही पोहोचली. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. बायकांनाही त्यातून सूट नव्हती, आणि लोकांना प्लेगइतकीच त्या हातांची धास्ती वाटू लागली.

जुन्या वैद्यकाने रोगी तपासण्याच्या तीन वाटा सांगितल्या होत्या: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. प्लेगच्या बंदोबस्तात स्पर्शन तेवढे उरले, तेही जबरदस्तीचे. माणसाला काही विचारावे, त्याचे ऐकून घ्यावे, हे मागे पडले. वास्तविक बेळगावच्या आसपासच्या मुलखातला ताप विचारल्याशिवाय सापडत नाही.

खानापूरकडच्या जंगलपट्टीतला हिवताप घ्या. दिवसाआड हुडहुडी भरणारा एकांतरा आणि दोन दिवस सोडून येणारा चौथारा हा फरक सूक्ष्मदर्शक यायच्या आधीपासून घरोघरी माहीत होता. व्हायवॅक्स हिवतापाची पाळी 48 तासांची आणि मलेरिए हिवतापाची 72 तासांची, हे शास्त्राने नंतर दाखवले. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर गावातल्या पोरांच्या डाव्या बरगडीखाली हात घालून किती जणांची पाणथरी वाढली आहे ते मोजत, आणि त्यावरून त्या गावात हिवताप किती मुरला आहे याचा अदमास बांधत.

प्रश्नाचे खरे मोल कळले ते माकडतापाने. मार्च 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माणसे तापाने आजारी पडू लागली. जंगलात माकडेही मरून पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यातून नवा विषाणू शोधला. गोचिडीमार्फत तो माणसात येतो. पुढची अनेक दशके हा रोग मुख्यतः शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या भागापुरता राहिला. मग 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो उफाळला. त्याच सुमारास गोव्यात काजूच्या हंगामाला जाऊन परतलेल्या बेळगावकडच्या मजुरांतही तो आढळला.

असा मजूर गावच्या दवाखान्यात येतो तेव्हा त्याला एकाएकी चढलेला ताप असतो, कपाळ ठणकत असते, अंग मोडून आलेले असते आणि डोळे लाल असतात. हे डेंगीतही दिसते. टाळ्यावरचे बारीक फोड काही रुग्णांत वेगळी खूण देतात, पण त्यासाठी तोंड उघडायला लावून आत नीट पाहावे लागते. त्याआधी विचारावे लागते, "काजूच्या कामाला गेला होता काय? तिकडं माकडं मेलेली बघितली काय?" इटलीच्या बर्नार्दिनो रामात्सिनीने 1700 मध्ये डॉक्टरांना बजावले होते की रोग्याला त्याचा धंदा विचारा. काजूच्या बागेतून घरी परतलेल्या मजुराला तो प्रश्न विचारला नाही, तर कोणती तपासणी मागवायची हेच कळणार नाही. शिवाय बाग एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात आणि आरोग्य खात्याच्या नोंदी वेगवेगळ्या. तिथे ही हकिकत रोग्याबरोबरच हद्द ओलांडते.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतही तेच. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या बाईचा खोकला धुळीवर ढकलणे सोपे असते. संध्याकाळची कणकण आणि उतरलेले वजन यांची चौकशी केली तरच क्षयाचा संशय येतो.

स्क्रब टायफस या तापाने काखेचा आणि जांघेचा प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. चिगर माइट चावल्याची काळी, न दुखणारी खपली बहुधा याच झाकलेल्या जागी दडते आणि रोग्याला तिचा पत्ताही नसतो. हा रोग महाराष्ट्रात आहे, कर्नाटकातही आहे. खपली वेळेवर दिसली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने जीव वाचतो. 1897 मध्ये जिथे जबरदस्तीने हात घातला जात होता, तिथेच आज डॉक्टरांनी परवानगी मागून, आडोसा करून पाहायलाच हवे. न पाहणे हा हलगर्जीपणा आहे.

रोग्यालाही यात वाटा आहे. ताप उतरत नसेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेल्यावर आपणहून सांगा: गेल्या महिन्याभरात कामाला कुठे गेलो, कोणत्या रानात शिरलो, गोठ्यात काय केले, घरात आणखी कोण आजारी आहे.